डुकराचा रुपया

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी माझ्या सासूबाईंना सांगितलं, की तुमच्या लक्ष्मीवर डुक्कर आहे. चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. मी पूर्ण शुद्धीवर होतो, हातात भिंग होतं, आणि तोंड बंद ठेवायला भरपूर वेळही होता. कारण कापूर सापडत नव्हता म्हणून आरती अडली होती.

हे वाचून माझ्याविषयी तुमचं जे मत झालं असेल, तेच माझ्या बायकोचंही आहे. तरीही सगळं सांगून टाकतो. मनावर ओझं घेऊन हिंडण्याचं माझं वय राहिलेलं नाही. (गुडघेही राहिलेले नाहीत.)

मी राहतो दहिवलीला आणि नोकरी करतो खोपोलीजवळच्या एका कागद कारखान्यात. तिथल्या प्रयोगशाळेत कागदाची जाडी मोजणं हे माझं काम. दिवसभर जाडी मोजणाऱ्या माणसाला कसला तरी छंद लागणारच. मला चांदीच्या जुन्या रुपयांचा लागला. झालं असं, की सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, तुटलेलं पैंजण सांधायला मी शिळफाट्याला एका सोनाराकडे गेलो होतो. तात्या म्हणतात त्यांना सगळे. पैंजण सांधून होईपर्यंत माझा वेळ जावा म्हणून तात्यांनी एक बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी बिस्किटाच्या आशेनं झाकण उघडलं. आत रुपये होते. एक उचलला. तोळाभर वजन, हाताला गार. आणि मनात आलं, हा कुणाच्या कनवटीला होता? कशासाठी मोडला असेल? बैलासाठी, की मुलीच्या लग्नासाठी? मोडणारा दुकानातून बाहेर पडला तो हसत, की डोळे पुसत? त्या दिवशी मी एक रुपया घेऊन घरी आलो आणि पैंजण तिथंच विसरून आलो.

तेव्हापासून महिन्यातून एकदा तात्यांकडे माझी अदलाबदल ठरलेली. माझ्याकडे एकाच सालाचे दोन झाले की त्यातला एक त्यांना, आणि त्यांच्या डब्यातला नसलेल्या सालाचा मला. रुपयावरचं चित्र सुंदर आहे की नाही, याच्याशी आम्हा छंदिष्टांना फारसं देणंघेणं नसतं. आम्हाला साल पाहिजे.

इथं थोडी माहिती देणं भाग आहे. चांदीच्या रुपयांवर आधी राणी येते, तिच्यामागून एक टक्कल पडलेला राजा, आणि त्याच्यामागून दाढीवाला राजा. दाढीवाल्याचा पहिला रुपया १९११ सालचा. त्याच्या झग्यावर नक्षी म्हणून एक हत्ती कोरलेला आहे, अगदी तांदळाच्या कणीएवढा. पण कोरणाऱ्याचा हात सोंडेपाशी आखडला, आणि लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसायला लागला. बोंबाबोंब झाली. सरकारनं ते रुपये मागे घेऊन वितळवले आणि पुढच्या सालापासून सोंड नीट काढली. वितळायचे जे राहून गेले, त्यांना आम्ही डुकराचा रुपया म्हणतो आणि त्यांच्यासाठी जीव टाकतो.

माझ्याकडे नाणी ठेवायची प्लॅस्टिकच्या खणांची वही आहे. तिच्यात दाढीवाल्याची ओळ बारा सालापासून सुरू होत होती. त्याच्या आधीचा, अगदी पहिला खण रिकामा. रविवारी मी वही उघडून बसायचो तेव्हा सुनंदा म्हणायची, "एवढे भरलेले खण आहेत, त्यांच्याकडे कधी इतकं बघितलं नाहीत."

"रिकामा खण डोळ्यांत भरतो," मी म्हणायचो.

"लग्नाआधी मलाही असंच बघायचात," ती म्हणायची.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

माझी सासुरवाडी कळंबची. सासूबाईंचं नाव द्वारकाबाई. वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढे. किती पुढे, ते त्या माणूस बघून सांगतात. त्यांच्या देवघरात पितळेच्या वाटीत, तांदळावर, एक चांदीचा रुपया असतो. तीच घरची लक्ष्मी. आणि तिची एक रीत आहे. नवी सून माप ओलांडून आत आली की तिच्यापुढे तांदळाची परात ठेवायची. तिनं तांदळात हात घालून रुपया हुडकून काढायचा आणि स्वतःच्या हातानं वाटीत ठेवायचा. मग ती त्या घरची. सासूबाईंनी तो असाच काढला होता, त्यांच्या सासूनंही काढला होता, पुढे त्यांच्या सुनेनंही. आणि आता मार्गशीर्षात त्यांच्या नातवाचं, माझ्या मेव्हण्याच्या प्रसादचं, लग्न ठरलेलं होतं. मुलगी खालापूरकडची. म्हातारीचा सगळा जीव त्या परातीत अडकला होता. "नातसुनंनं लक्ष्मी काडलेली बगितली, की मी मोकळी," हे त्या दूधवाल्यालासुद्धा सांगत होत्या.

एरवी हा रुपया हळदकुंकवाच्या थरात इतका गडप असतो, की त्याच्यावर राजा आहे की राजाचा घोडा, ते कळत नाही. सत्तावीस वर्षं मी त्याच्याकडे नुसता लांबून बघत होतो. पण त्या दिवाळीला, लग्न येतंय म्हणून, सासूबाईंनी तो चिंचेनं आणि राखेनं दोनदा घासला होता. रुपया लखलखत होता. मी खिशातून भिंग काढलं. (लक्ष्मीपूजनाला कोण भिंग घेऊन जातं, असं सुनंदानं नंतर विचारलं. मी जातो.)

"आई, जरा बघू का?"

"बगा की. पन नुसतं बगा हां."

मी उजेडात धरला. दाढीवाला. उलटा केला. एक. नऊ. एक. एक.

 जी वस्तू मी दहाबारा वर्षं सगळीकडे हुडकत होतो, तिला दर दिवाळीला मी स्वतः फूल वाहत होतो.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? रुपया वाटीत ठेवून नमस्कार केला असता आणि लाडू खाल्ला असता. मी म्हटलं, "आई, हा फार झिजलाय हो. मी तुम्हाला याच्या बदल्यात दुसरा देतो. राणीछाप. याच्याहून जुना आणि कोरा करकरीत."

"झिजलाय त झिजलाय. मी पन झिजलेय. मला बदलतंय काय कोन?"

"दोन देतो."

"जावईबापू, लक्ष्मीची अदलाबदल करत्यात काय? ती काय बोहारणीची भांडी हाईत?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण त्या क्षणी मला फक्त वहीतला पहिला खण दिसत होता. आणि मी ते वाक्य बोललो. "तुम्हाला सांगणार नव्हतो आई, पण या रुपयावर डुक्कर आहे."

कापूर शोधणारे हात थांबले.

हे मी कुठल्या घरात बोललो, तेही सांगायला हवं. त्याच आश्विनात रानडुकरांच्या कळपानं या घराचं दोन खाचरं उभं भात लोळवलं होतं. पत्र्याचा डबा बडवून बडवून माझ्या मेव्हण्याचे, बाळारामचे, हात सुजले होते. त्या घरात डुकराचं नाव कुणी उच्चारत नव्हतं. 'ते' म्हणत.

बाळाराम पुढे आला. "कुटं हाय?"

"हे इथं. झग्यावर."

त्यानं भिंगातून बघितलं. "मला त नुसतं ढेकूळ दिसतंय."

"तेच ते," मी म्हणालो.

 सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "कवापासनं हाय?"

"काय?"

"त्ये."

"अकरा सालापासून." आणि मग मी त्यांना सोंडेची सगळी हकिगत सांगितली. माझ्या अंगात तेव्हा नुसती माहिती संचारली होती.

त्यांनी ऐकून घेतलं. मग बोटांवर हिशोब मांडला. विहीर ढासळली ती. बाळारामचा पाय मोडला तो. पांढरा बैल गेला तो. यंदाचं भात. "म्हंजे मी या घरात आले ती डुकराला हात लावून आले," त्या म्हणाल्या. "नि मंग म्हनायचं, त्ये शेतात का येतंय. घरातच बसवलाय त्येला, त मंग येनारच की भेटायला."

एवढं बोलून त्यांनी पदराच्या टोकानं रुपया उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. "घेऊन जा. बदल्यात काय नको."

त्या वर्षी कळंबला लक्ष्मीपूजन झालं ते बाळारामच्या टेंपोच्या कागदपत्रांवर.

 मोटारसायकलवरून परत येताना दहिवलीचा रस्ता लागल्यावर सुनंदानं विचारलं, "तुम्हाला डुक्कर खरंच दिसलं?"

"साल दिसलं ना."

"मी डुकराचं विचारतेय."

"साल अकरा असलं की डुक्कर असतंच."

"म्हणजे नाही दिसलं," ती म्हणाली.

मी रुपया पहिल्या खणात सरकवला. ओळ पुरी झाली. लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण आनंदाच्या मागून, बरीच उशिरा, शेवटची गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखी आली.

भाऊबिजेला बाळाराम आमच्याकडे आला. ओवाळून झालं, फराळाचं ताट पुढ्यात आलं, आणि तो माझ्याकडे वळला. "भावजी, आई म्हनते दुसरा रुपया आना. जनावर नसलेला. नि येताना त्ये भिंग पन आना."

हे भिंग मागवणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

रविवारी तीन उत्तम रुपये रुमालात बांधून मी कळंबला गेलो. सासूबाई ओट्यावर चष्मा लावून बसल्या होत्या. चष्म्यापुढे त्यांनी माझं भिंग धरलं आणि तिघांना एकेक करून पुढ्यात घेतलं. आमच्या कारखान्यात नोकरीसाठी मुलाखती होतात, त्या याच्यापुढे काहीच नाहीत.

"ही कोन?"

"राणी."

"कुकू कुटं हाय हिचं?"

"त्यांच्यात लावत नाहीत."

"नवरा होता ना पन?"

मी प्रामाणिक माणूस. "होता. पण तो लवकर गेला."

"मंग नको. या घरात मी हाय तेवढी पुरे." राणी बाजूला गेली. "ह्यो?"

"हा तिचा मुलगा."

"डोक्यावर मुकुट नाय?"

"याला मुकुटाशिवायच छापलाय."

"टकल्या. ज्येच्या सोताच्या डोक्यावर काय नाय, त्यो आमच्या घरात काय आननार?" टकल्याही गेला. तिसरा त्यांनी फार वेळ बघितला. "ह्यो त्योच नाय का?"

"राजा तोच आहे आई, पण हा बारा सालचा. याच्यावर हत्ती आहे. नीट बघा, सोंडसुद्धा आहे."

भिंग पुढे गेलं, मागे आलं. "डुकराला सोंड लावली म्हना की."

"नाही हो. तो मुळातच हत्ती."

"मुळातला हत्ती मंग आदल्या साली डुक्कर का झाला?"

 याचं उत्तर ज्यांनी तो रुपया पाडला त्यांच्याकडेही नसावं. मी तिन्ही रुपये रुमालात बांधून परत आणले. भिंग मात्र त्यांनी ठेवून घेतलं.

शेजारी हिराबाय राहतात. त्यांनी ओट्यावरचा हा सगळा कार्यक्रम कुंपणापलीकडून बघितला होता. माझी मोटारसायकल वळणावर गेली नसेल, तोच त्या आपल्या घरची लक्ष्मी घेऊन हजर झाल्या. त्यांच्या रुपयावर हत्ती निघाला. "आमचा हत्तीच हाय गं बाय, पयल्यापासनं," असं त्यांनी त्या दिवशी पाण्याच्या टाकीपासून देवळापर्यंत सगळ्यांना सांगितलं. झालं. गावात ज्याच्या त्याच्या घरात तांदळाच्या पिंपातून, देव्हाऱ्यातून, आजीच्या गाठोड्यातून रुपये बाहेर यायला लागले आणि सासूबाईंच्या ओट्यावर भिंगासाठी रांग लागली. कुणाला सोंड दिसे, कुणाला शेपूट. एका घरात तर म्हातारीनं लेकीला हत्तीचा दिला आणि सुनेला डुकराचा, यावरून दोन चुली झाल्या. (तो डुकराचा रुपया मी पुढे बघितला. राणीछाप होता. त्याच्यावर राणीशिवाय कुणीच नव्हतं.)

ज्यांचा निकाल ओट्यावर लागत नसे, ते मला मोबाइलवर फोटो पाठवायचे. 'भावजी, डुक्कर का हत्ती?' फोटो असे, की त्यात रुपया कमी आणि अंगठा जास्त. एक फोटो मी पंधरा मिनिटं न्याहाळला आणि तो कोटाचं बटण आहे असं कळवलं. माणसं नाराज झाली. बटणावर तरी काय आहे ते सांगा, म्हणाली. पुढच्या वेळी कळंबला गेलो तर नाक्यावरच्या रिक्षावाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमीच त्ये डुकरावालं जावई का?"

मी हो म्हणालो. नाही म्हणून काय उपयोग होता.

इथवरही मी मनाशी हसत होतो, खोटं का बोलू. हसू बंद झालं ते बाळारामच्या फोननं. लग्नाला दहा दिवस उरले होते.

"भावजी, खालापूरवाल्यांचा फोन आलता. व्याहीनबाय इचारत व्हत्या, तुमच्या लक्ष्मीवर काय निगालं म्हने?"

"मग?"

"मंग काय. आईनं रीत बंद केली. म्हनते, येनाऱ्या पोरीला परातीत हात घालाया लावायचा नाय. तिच्या नशिबाला कशाला आपलं डुक्कर." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वाटी तशीच ठेवलेय हो देवघरात. रोज घासते नि रिकामीच ठेवते."

मी फोन ठेवला आणि वही उघडली. माझा पहिला खण भरलेला होता. म्हातारीची वाटी रिकामी. इतकी सरळ वजाबाकी मला कुणी शाळेतही घातली नव्हती.

तरीसुद्धा मी काय केलं? माफी मागायला गेलो? नाही. रुपया दाखवून मिरवायला तात्यांकडे शिळफाट्याला गेलो. मनात असं, की तात्यांनी एकदा 'वा' म्हटलं की या अपराधाला निदान शोभा तरी येईल.

तात्यांनी भिंगसुद्धा घेतलं नाही. अंगठ्यानं रुपया चोळला, तिरपा धरला आणि विचारलं, "अकरा कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? दिसतंय की स्पष्ट."

"मधला एक बघा. त्याच्या पायाखाली बारीक पाट आहे. दिसला? आता शेवटचा बघा."

मी बघितलं. शेवटच्या एकाला पाट नव्हता. तो एका पायावर उभा होता.

"तो सात आहे," तात्या म्हणाले. "वरची दांडी झिजलीय. सतरा सालचा रुपया हा. घरात चिंच फार लावत असतील."

"आणि डुक्कर?"

"सतराला कुठलं डुक्कर आलं? हत्ती होता. आता तोही नाही. घासून सपाट झालाय."

मी स्टुलावर बसलो. तात्यांनी सवयीनं बिस्किटांचा डबा पुढे केला. "अहो, हे रोजचंच आहे. विकायला येणाऱ्याला नेहमी अकरा दिसतो आणि घ्यायला येणाऱ्याला सतरा. तुम्ही घ्यायला गेलेले असून तुम्हाला अकरा दिसला. तुमचं धंद्यात काही होणार नाही."

म्हणजे हिशोब असा झाला. जो रुपया तात्यांच्या डब्यात तळाशी पडलेला असतो, आणि ज्याच्या जोडीचा चांगला ठळक रुपया माझ्या वहीत सातव्या खणात आधीच होता, त्याच्यासाठी मी एका घराची शंभर वर्षांची लक्ष्मी बाटवली होती. तीसुद्धा न दिसलेल्या जनावराच्या नावानं.

लग्नाला चार दिवस असताना तो रुपया खिशात घालून, सुनंदाला घेऊन मी कळंबला गेलो. वाटेत सगळं तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आईसमोर माहिती देत बसू नका."

मी माहितीच दिली. घरात मांडवाची गडबड, बाळाराम मांडवाच्या वाशांना सुतळी बांधतोय, हिराबाय तांदूळ निवडायला आलेल्या, आणि मी सासूबाईंपुढे बसून सांगतोय, "आई, आनंदाची बातमी आहे. तो हत्ती आहे."

सासूबाईंनी सुपातून मान वर केली नाही. "दिवाळीला डुक्कर, आता हत्ती. लग्नापत्तूर घोडा हुईल."

"नाही आई, आता नक्की. साल चुकलं होतं माझं. अकरा नाही, सतरा आहे. हे बघा, या एकाला पाट आहे आणि याला नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. कनवटीचं भिंग काढलं. (माझं भिंग आता त्यांच्या कनवटीला असतं.) बराच वेळ बघितलं. "सात नाय दिसत."

"झिजलाय तो."

"मंग तुमाला कसा दिसला?"

"सोनारांनी दाखवला."

"त्येला हत्ती दिसला काय?"

"नाही. हत्तीही झिजलाय. पण सतरा साली हत्तीच असतो."

त्यांनी भिंग खाली केलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. सोन्याचा कस लावतात तसं बघितलं. "म्हंजे आज तुमाला हत्ती दिसत नाय. साल दिसतंय."

"हो."

"नि दिवाळीला डुक्कर दिसत नव्हता. साल दिसत व्हतं."

 इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण माझा प्रयोग असा कुणी माझ्याच पुढ्यात उलटा करून ठेवला नव्हता.

"मंग दिसत नव्हता त बोललात कशाला?"

हिराबायचे तांदूळ निवडणारे हात थांबले. बाळाराम शिडीवरच राहिला. मी म्हटलं, "गैरसमज झाला. म्हणजे, त्या काळी जे रुपये निघाले…"

"सांगा," सुनंदा म्हणाली.

सत्तावीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं या आवाजात कधी काढला नव्हता. मी सांगितलं. "मला तो रुपया हवा होता आई. तुम्ही नाही म्हणालात. तुमचं त्याच्यावरून मन उडावं म्हणून मी डुक्कर म्हणालो."

मला वाटलं, आता घरातून घालवून देतील. मी चपला कुठं काढल्यात, ते बघूनही ठेवलं. पण म्हातारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुतूहल होतं. लहान मूल किड्याकडे बघतं, तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

"इतका पायजे व्हता?"

"हो."

"करनार काय व्हतात त्येचं?"

"वहीत ठेवणार होतो."

"नि मंग?"

"मग बघणार."

"नुसतं?"

"नुसतं."

 "आमी पन नुसतं बगतोच की," त्या म्हणाल्या. "पन आमी घरात येनाऱ्या बाईच्या हातात देतो आदी. तुमी कोनाच्या हातात देता?"

वहीला आजवर मी सुनंदालाही हात लावू दिला नव्हता.  ते तिनं तिथं बोलून दाखवलं नाही, हे तिचे उपकार.

"सुनंदा, मोठी परात काड गं माळ्यावरनं," सासूबाई म्हणाल्या. "नि बाळ्या, खालापूरला फोन लाव. व्याहीनबायला म्हनावं, हत्ती हाय. जावयानं इतके दिवस उलटा धरला व्हता."

"आई, माझं चुकलं," मी म्हणालो. "मला माफ करा."

"मला कशाला सांगता? मी काय झग्यावर बसलेय?" त्यांनी रुपया वाटीत ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. "तिला सांगा. नि मोट्यानं सांगा, हिराबायला ऐकू गेलं पायजे. डुक्कर गावभर तिनंच फिरवलाय, आता ह्ये पन फिरवू दे."

हिराबाय जवळ सरकून बसल्या. बाळाराम शिडीवरून उतरला. त्रेपन्न वर्षांचा मी, खाली मांडी घातली. उठताना कुणाचा तरी हात लागणार, हे माहीत असूनही घातली. रुपयाकडे बघितलं. त्याच्यावर हत्ती नव्हता, डुक्कर नव्हतं, आता कुंकवाखाली सालही नव्हतं. मी हात जोडले आणि हिराबायला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "लक्ष्मीमाते, चुकलो. जनावर मला तेव्हाही दिसलं नव्हतं, आजही दिसत नाही. मला दिसला होता तो फक्त रुपया."